एका ‘निरुपयोगी’ ग्रंथीची कथा



गळ्याच्या खालच्या खळगीत बोट ठेवा. तिथून छातीचे उभे हाड सुरू होते. त्या हाडाच्या मागे, काळजाच्या किंचित वर, एक मऊ ग्रंथी असते. तिला थायमस म्हणतात. आपल्या परिभाषाकारांनी तिला ‘यौवनलोपी ग्रंथी’ असे नाव दिले आहे, आणि ते अगदी यथार्थ आहे. तान्ह्या मुलात ती शरीराच्या मानाने चांगली मोठी असते; वयात आल्यावर ती आक्रसू लागते, आणि म्हातारपणी तिच्या जागी बहुतेक चरबीच उरते.

मी इतिहासाचा मास्तर. तेव्हा ग्रंथी आणि पेशी यांच्या भानगडीत मी का शिरलो, असे तुम्ही विचाराल. आमच्या कॉलेजातल्या प्राणिशास्त्राच्या सहकाऱ्यांनीही मला हेच विचारले. माझे उत्तर असे की, या ग्रंथीची हकीकत ही मुळात पुराव्याची हकीकत आहे. अपुरा पुरावा पुरता मानला म्हणजे शहाणी माणसेसुद्धा काय करून बसतात, आणि एखादा माणूस तोच पुरावा नव्याने तपासतो तेव्हा काय उजेडात येते, हे या कथेत जितके स्पष्ट दिसते तितके एखाद्या लढाईच्या बखरीतही दिसत नाही. आणि इथे पणाला राज्य लागलेले नव्हते. तान्ही मुले लागली होती.

प्रारंभ पार मागून करू. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात रोममध्ये गॅलन नावाचा मोठा वैद्य होऊन गेला. लहान जनावरांत ही ग्रंथी मोठी असते आणि वयाबरोबर ती लहान होत जाते, हे त्याने नोंदवून ठेवले. निरीक्षण अचूक होते. पण ती काय करते, हे कोणालाच ठाऊक नव्हते. कुणी तिला जिवाचे, धैर्याचे स्थान मानले. कुणी म्हणाले, हृदयाला धक्का लागू नये म्हणून देवाने घातलेली ही उशी आहे. अठराव्या शतकात लंडनचा विल्यम ह्यूसन याने सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले, तेव्हा त्याला या ग्रंथीत बारीक बारीक कणांची दाटी दिसली. तसलेच कण शरीरातल्या लसिकेतही असतात, हेही त्याच्या ध्यानात आले. दुर्दैव असे की, प्रेताची चिरफाड करताना झालेली जखम चिघळून १७७४ साली ह्यूसन ऐन तारुण्यात वारला. त्याचे हे काम १७७७ साली छापून निघाले, आणि लोक ते जवळजवळ विसरून गेले.

लोकांनी लक्षात ठेवले ते दुसरेच. १६१४ साली स्वित्झर्लंडमधल्या बाझल शहराचा फेलिक्स प्लाटर या वैद्याने एका पाच महिन्यांच्या मुलाची हकीकत लिहिली होती. मूल एकाएकी गुदमरून गेले, आणि शवविच्छेदनात त्याची थायमस फुगलेली आढळली. हे बाझल शहर ध्यानात ठेवा. शेवटी आपल्याला पुन्हा तिथेच जायचे आहे. प्लाटरच्या या नोंदीवरून कल्पना निघाली की, मोठी झालेली थायमस श्वासनलिका दाबते आणि मूल मरते. १८३० साली कॉप नावाच्या जर्मन डॉक्टरने या रोगाला ‘थायमसचा दमा’ असे नाव दिले. १८८९ साली व्हिएन्नाच्या पालटाऊफने त्याच्यावर कडी केली. ज्यांची थायमस मोठी ती मुले जन्मतःच नाजूक प्रकृतीची, त्यांना किरकोळ धक्का पुरतो, असा सिद्धांत त्याने मांडला आणि त्याला एक लांबलचक लॅटिन नावही दिले. रोगाला भारदस्त नाव मिळाले की तो रोग आहेच, असे वाटू लागते!

आता एक प्रश्न विचारू. या मुलांची थायमस ‘मोठी’ होती, असे डॉक्टरांनी ठरवले कशावरून? मोठी म्हणजे कशाहून मोठी? कोणत्याही मापाला आधी एक प्रमाण लागते. आणि सगळी चूक त्या प्रमाणातच होती.

वैद्यकशाळांना चिरफाडीसाठी प्रेते मिळत ती कोणाची? सुखवस्तू घरातली नव्हेत. इंग्लंडमध्ये १८३२ साली कायदा झाला, आणि त्यानंतर दरिद्रीगृहांत व इस्पितळांत मेलेल्या, ज्यांच्यावर हक्क सांगायला कुणी आले नाही अशा गोरगरिबांची प्रेते वैद्यकशाळांकडे जाऊ लागली. इतर देशांतही थोड्याफार फरकाने हाच प्रकार होता. गरिबाचे पोर एका रात्रीत मरत नसे. उपासमार, हगवण, क्षय, यांत महिनोन् महिने झिजून ते मरत असे. आणि शरीर झिजू लागले की सर्वांत आधी झिजणाऱ्या अवयवांत थायमस येते. म्हणजे डॉक्टरांनी वर्षानुवर्षे पाहिल्या त्या उपाशी मुलांच्या सुकलेल्या थायमस, आणि त्याच त्यांना स्वाभाविक वाटू लागल्या. पुढे एखादे धडधाकट, बाळसेदार मूल पाळण्यात एकाएकी दगावले आणि त्याचे विच्छेदन झाले, की त्याची थायमस ‘भलतीच मोठी’ दिसे. वास्तविक ती मुळीच मोठी नव्हती. जितकी असावी तितकीच होती.

हे कुणालाच कळले नाही असेही नाही. १८५८ साली फ्रँकफुर्टच्या फ्रीडलेबेन या डॉक्टरने मोठा ग्रंथ लिहून बजावले होते की, पोषण चांगले तर थायमस भरलेली आणि पोषण बिघडले तर ती सुकलेली. थायमसचा दमा नावाचा रोगच नाही. पण त्याचे ऐकतो कोण? इतिहासात असे पुष्कळदा होते. खरे बोलणारा असतो, ऐकणारा नसतो.

त्यानंतर क्ष-किरण आले. १९०७ साली अमेरिकेतील सिनसिनाटी शहराचे डॉक्टर फ्रीडलँडर यांनी एका मुलाच्या थायमसवर क्ष-किरण सोडले. ग्रंथी आक्रसली, मूल बरे झाले, असा अहवाल प्रसिद्ध झाला. मग काय, ही चालच पडली. थायमसच्या पेशी क्ष-किरणांनी फार लवकर मरतात, त्यामुळे ग्रंथी हटकून लहान होई आणि उपचार ‘यशस्वी’ ठरे. मूल बरे होई यातही नवल नव्हते. ते मुळात आजारीच नव्हते. हजारो तान्ह्या मुलांना असे किरण दिले गेले. देणारे डॉक्टर दुष्ट नव्हते, आणि आणणारे आईबाप तर लेकराच्या काळजीनेच आले होते.

१९३१ साली इंग्लंडमधील एका समितीने पुष्कळ मोजमापे गोळा करून जाहीर केले की, असा काही रोग असल्याला पुरावा नाही. १९३६ साली माँट्रियलच्या हान्स सेल्ये यांनी उंदरांवर दाखवून दिले की, कोणत्याही मोठ्या ताणाने थायमस सुकते. तरीही अमेरिकेत किरण देणे पुढे बरीच वर्षे चालूच राहिले. याची किंमत १९५० साली दिसली. डफी आणि फिट्झेराल्ड या दोन डॉक्टरांनी गळ्यातल्या थायरॉइड ग्रंथीचा कर्करोग झालेल्या २८ मुलांची माहिती तपासली. त्यांतल्या सुमारे एक-तृतीयांश मुलांना तान्हेपणी थायमससाठी क्ष-किरण दिलेले होते. थायरॉइड ही थायमसच्या अगदी शेजारी. तिच्यावरही किरण पडत होते. नसलेल्या रोगावर औषध केले, आणि त्या औषधाने असलेला रोग दिला.

यानंतर थायमसचे भय गेले, पण मान काही आला नाही. ती निरुपयोगी आहे, असेच सर्व म्हणू लागले. त्याला कारणही होते. मोठ्या उंदराची थायमस कापून काढली तरी त्याला काहीच होत नसे. वरवर पाहता हा पुरावा बिनतोड वाटतो, नाही का?

इथे या कथेत जॅक मिलर हा तरुण येतो. जन्म १९३१ चा, फ्रान्समधील नीस गावचा. लहानपणी कुटुंब शांघायला होते. युद्धाच्या धामधुमीत १९४१ साली ते ऑस्ट्रेलियाला आले. त्यांची एक बहीण क्षयाने गेली होती. डॉक्टर होऊन मिलर लंडनला संशोधनासाठी गेले. काम होते उंदरांना होणाऱ्या रक्ताच्या कर्करोगाचे. हा कर्करोग एका विषाणूने होतो, तो विषाणू नवजात पिल्लातच टोचावा लागतो, आणि रोग सुरू होतो थायमसमध्ये. तेव्हा मिलरना वाटले की, जन्मल्याबरोबर थायमस काढून टाकली तर काय होते ते पाहावे. जन्मलेले पिल्लू जेमतेम एक-दीड ग्रॅमचे. त्याच्या छातीतून ती इवलीशी ग्रंथी काढायची! पण त्यांनी ते साधले.

पिल्ले काही आठवडे बरी वाढली, आणि आईचे दूध तुटल्यावर खंगू लागली. गंमत अशी की, ज्यांना विषाणू टोचलाच नव्हता तीही खंगली. त्यांच्या रक्तात लिम्फोसाइट नावाच्या पांढऱ्या पेशी फार थोड्या होत्या. त्यांना जंतुसंसर्ग लगेच होई. आणि मुख्य म्हणजे, त्यांच्या अंगावर परक्या उंदराच्या कातडीचा तुकडा लावला तर तो तसाच रुजे, त्यावर केससुद्धा येत. निरोगी प्राणी परकी कातडी काही दिवसांतच झिडकारून टाकतो; या पिल्लांना आपले-परके कळेनासे झाले होते. १९६१ साली ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात मिलर यांनी हे प्रसिद्ध केले. थायमस ही बाळपणी शरीराच्या संरक्षणाचे सैन्य तयार करते, हा त्याचा इत्यर्थ होता.

मग मोठ्या उंदरांना काही का होत नसे? कारण सैन्य तोवर तयार होऊन बाहेर पडलेले असे. तालीम पाडली म्हणून आधी तयार झालेले मल्ल काही नाहीसे होत नाहीत. जुना प्रयोग चुकलेला नव्हता. त्याची वेळ चुकलेली होती. विद्वानांना हे पटायला वेळ लागला. नोबेल पारितोषिक मिळवलेले पीटर मेडावर यांनीसुद्धा १९६३ पर्यंत थायमसमधल्या त्या पेशींना फारसे महत्त्व दिले नव्हते.

याच सुमारास कोंबड्यांकडून एक साक्ष आली. कोंबडीच्या शेपटीकडच्या भागात आतड्याला लागून एक पिशवी असते. सोळाव्या-सतराव्या शतकांत होऊन गेलेल्या फॅब्रिशियस या इटालियन पंडिताच्या नावाने ती ओळखली जाते. अमेरिकेतील ओहायो स्टेट विद्यापीठात ब्रूस ग्लिक हा विद्यार्थी त्या पिशवीचा अभ्यास करीत होता. त्याच्या एका सहाध्यायाने वर्गात प्रयोग दाखवण्यासाठी त्याच्याच कोंबड्या नेल्या. पण ज्यांची पिशवी काढली होती त्यांच्या रक्तात रोगजंतूंविरुद्धची प्रतिपिंडे तयारच झाली नाहीत. फसलेल्या प्रयोगातून शोध लागला! १९५६ साली तो निबंध छापून आला तो कुक्कुटपालनाच्या मासिकात. म्हणून मोठ्या वैद्यांच्या नजरेस तो उशिरा पडला. पुढे १९६८ साली मिलर आणि त्यांचे विद्यार्थी ग्रॅहॅम मिचेल यांनी मेलबर्नमध्ये सिद्ध केले की, लिम्फोसाइट दोन जातींच्या असतात. थायमसमध्ये तयार होतात त्या टी पेशी, आणि प्रतिपिंडे बनवतात त्या बी पेशी. टी पेशींच्या मदतीवाचून बी पेशींचे काम नीट होत नाही. एड्सचा विषाणू याच मदतनीस टी पेशींवर घाला घालतो, हे आता शाळेतल्या मुलांनाही ठाऊक असते.

इथवर झाली ग्रंथीची कथा. पण खरा प्रश्न पुढेच आहे. थायमसमध्ये आत होते तरी काय? एक कोवळी, काहीच न येणारी पेशी तिथे येते आणि जाणती होऊन बाहेर पडते. तिला शिकवतो कोण? तिथे ना गुरू, ना फळा. उत्तर असे आहे की, तिला निरोप मिळतात, आणि ते निरोप प्रथिनांचे असतात. एका पेशीच्या अंगावरचे प्रथिन दुसरीच्या अंगावरच्या प्रथिनाला भिडते, कुलपाला किल्ली लागावी तसे. आणि तो निरोप आत, पेशीच्या गाभ्यापर्यंत पोचतो. आता हे निरोप क्रमाने पाहू.

पहिला निरोप आमंत्रणाचा. टी पेशींचे मूळ हाडांच्या मगजात. तिथून निघालेल्या कोवळ्या पेशींना थायमस आपल्याकडे ओढते, ती केमोकाइन नावाची छोटी प्रथिने सोडून. वासाच्या मागावर मुंगी गुळाच्या ढेपेपर्यंत जाते ना, तशातलाच हा प्रकार.

दुसरा निरोप जात ठरवणारा. त्याचे नाव नॉच. याची कुळकथा मौजेची आहे. १९१४ च्या सुमारास अमेरिकेत फळांवरच्या माश्यांचा अभ्यास चालू होता. काही माश्यांच्या पंखांच्या कडेला खाच पडलेली दिसली, म्हणून त्या दोषाला नॉच, म्हणजे खाच, असे नाव पडले. या खाचेचा आणि माणसाच्या प्रतिकारशक्तीचा संबंध असेल, असे तेव्हा कुणाला स्वप्नातही वाटले नसते. १९९९ साली आढळले की, उंदरात नॉच प्रथिन काढून टाकले तर थायमसमध्ये टी पेशी बनतच नाहीत. त्यांच्या जागी बी पेशी उगवतात. उलट, मगजातल्या पेशींत नॉच सतत चालू ठेवले तर त्या थायमसबाहेरच टी पेशींच्या वाटेला लागतात. थायमसच्या भिंतीतल्या पेशी आपल्या अंगावर डेल्टा नावाच्या कुळातले प्रथिन बाळगून असतात. ते नॉचला भिडले की कोवळ्या पेशीला कळते, आपण टी व्हायचे. २००२ साली टोरांटोमध्ये काचेच्या बशीत असे डेल्टा प्रथिन असलेल्या पेशी पसरून त्यांवर टी पेशी वाढवूनही दाखवल्या.

तिसरा निरोप तगून राहण्याचा. तो देते इंटरल्यूकिन-७ हे प्रथिन. त्याचा शोध १९८८ चा. हा निरोप घेण्यासाठी पेशीच्या अंगावर ग्राही लागतो. त्या ग्राहीचा एक भाग जन्मतःच बिघडला तर मुलाच्या अंगात टी पेशी जवळजवळ नसतातच. हा भाग बिघडतो कशामुळे, ते १९९३ साली कळले. पण त्याआधीच, १९७१ मध्ये, अमेरिकेत टेक्सासमध्ये असा एक मुलगा जन्मला होता. जंतू लागू नयेत म्हणून त्याला प्लॅस्टिकच्या जंतुमुक्त तंबूत ठेवले. आईने त्याला घेतले तेही तंबूला लावलेल्या हातमोज्यांतून. १९८४ साली तो वारला. एका प्रथिनाचा निरोप पोचला नाही तर काय होते, हे त्या पोराच्या बारा वर्षांनी जगाला दाखवले.

आता चौथा निरोप, सर्वांत अवघड. प्रत्येक टी पेशी शत्रू ओळखण्यासाठी आपल्या अंगावर एक ग्राही तयार करते. त्याची जनुके १९८४ साली सापडली. मौज अशी की, हा ग्राही ठरवून बनवलेला नसतो. जनुकांचे तुकडे उलटसुलट जोडून प्रत्येक पेशी आपापला वेगळा ग्राही बनवते. उद्या कोणता रोग येईल हे आधी कुणाला माहीत? म्हणून शरीर असंख्य तऱ्हा बनवून ठेवते. पण अशा आंधळ्या जोडणीत पुष्कळ ग्राही निकामी निघणार, आणि काही तर आपल्याच शरीरावर उठणार. तेव्हा निवड करणे आले.

शेतकरी बंधूंना ही निवड समजावून सांगायला नको. धान्य आपण दोन चाळण्यांतून काढतो. मोठ्या भोकांच्या चाळणीवर खडे-ढेकळे अडतात आणि दाणा खाली पडतो. बारीक भोकांच्या चाळणीतून माती आणि बारीक कणी गळून जाते, दाणा वर राहतो. दोन्हींतून जे वाचते ते खरे धान्य. थायमसमध्ये नेमके असेच होते. शरीरातली जवळजवळ प्रत्येक पेशी आपल्या आतल्या प्रथिनांचे तुकडे एका विशिष्ट तबकात ठेवून बाहेर दाखवत असते. टी पेशी ते तबक आणि त्यातला तुकडा दोन्ही मिळून ओळखते, हे १९७४ साली ऑस्ट्रेलियात झिंकरनागेल आणि डोहर्टी यांनी दाखवले, आणि १९९६ चे नोबेल मिळवले. थायमसमध्ये कोवळ्या टी पेशीपुढे आपल्याच शरीराचे तुकडे मांडले जातात. जिच्या ग्राहीला तबक मुळीच ओळखता येत नाही, तिला निरोपच मिळत नाही आणि ती उपेक्षेने मरते. जी हलकेच ओळखते ती जगते. आणि जी आपल्याच शरीराच्या तुकड्याला घट्ट मिठी मारते, तिला बहुधा मरणाचा निरोप मिळतो.

लक्षात घ्या, ग्राही तोच आहे. फरक आहे तो निरोपाच्या जोराचा. ग्राही तबकाला भिडला की आत लॅक नावाचे प्रथिन जागे होते, ते झॅप-७० नावाच्या प्रथिनाला जागे करते, आणि तिथून पुढे एकाकडून दुसऱ्याकडे निरोप जात राहतो. तो किती जोराने आणि किती वेळ गेला, यावर जगायचे की मरायचे हे ठरते. आणि जगायचे तर मदतनीस व्हायचे की रोगट पेशींना मारणारी मारेकरी व्हायचे, हेही बव्हंशी त्यावरच ठरते. काही मुलांत जन्मतःच झॅप-७० नसते, हे १९९४ साली ध्यानात आले. त्यांच्या रक्तात मारेकरी टी पेशी नव्हत्या, आणि मदतनीस असूनही कामाच्या नव्हत्या.

या दुसऱ्या, कडक चाळणीचा स्पष्ट पुरावा १९८७ साली अमेरिकेत डेन्व्हर येथे कॅपलर आणि मॅरॅक या दांपत्याला मिळाला. आणि १९८८ साली दोन्ही चाळण्या एकाच जातीच्या उंदरात लख्ख दाखवल्या त्या फॉन बोमर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी. कुठे, ठाऊक आहे? बाझलमध्ये! १६१४ साली ज्या गावात थायमसवर मुलाच्या मृत्यूचा आळ आला, त्याच गावी ३७४ वर्षांनी तिच्या खऱ्या कामाची साक्ष निघाली.

कोवळ्या पेशींपैकी शेकडा ९५ हून अधिक थायमसमध्येच मरतात. फार मोठी नासाडी वाटते, पण ती आवश्यक आहे. चाळण फाटली तर काय होते तेही दिसून आले आहे. स्वादुपिंडाचे इन्शुलिन थायमसमध्ये कशाला असेल, असे आपल्याला वाटेल. पण एअर नावाचे एक प्रथिन थायमसच्या पेशींकडून शरीरातल्या दूरदूरच्या अवयवांची प्रथिने थोडी थोडी बनवून घेते, केवळ दाखवण्यापुरती. त्याचे जनुक १९९७ साली सापडले. ते बिघडलेल्या माणसांचे सैन्य त्यांच्याच निरनिराळ्या ग्रंथींवर तुटून पडते.

पण कोणतीही चाळण पूर्ण नसते. काही खोडसाळ पेशी निसटतातच. त्यांना आवरायला थायमस एक वेगळे पथक तयार करते. १९६९ साली जपानमध्ये दिसले की, पिल्लाची थायमस जन्मानंतर तिसऱ्या दिवशी काढली तर त्याचे शरीर स्वतःवरच उलटते. शिमोन साकागुची यांनी हा धागा सोडला नाही. पुष्कळांनी हा विषय टाकून दिला होता तेव्हाही ते लागून राहिले, आणि १९९५ साली त्यांनी ह्या आवर घालणाऱ्या टी पेशी ओळखून दाखवल्या. २००१ साली अमेरिकेत मेरी ब्रन्कॉव्ह आणि फ्रेड रॅम्सडेल यांनी एका रोगट उंदरावरून त्यांचे मुख्य जनुक शोधले. या तिघांना २०२५ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

तयार झालेल्या पेशीला शेवटचा निरोप मिळतो तो बाहेर पडण्याचा. तो प्रथिनाचा नसून रक्तातल्या एका स्निग्ध द्रव्याचा असतो. उंदरात हा सगळा प्रवास सुमारे तीन आठवड्यांचा.

आता तुम्ही म्हणाल, मास्तर, हे सगळे ऐकून आम्ही खेड्यातल्या माणसांनी करायचे काय? दोन गोष्टी सांगतो.

पहिली गोष्ट पोटाची. थायमस ही पोषणाची पारख आहे, हे फ्रीडलेबेनने १८५८ सालीच सांगितले. मूल कुपोषित झाले की त्याची थायमस सुकते, टी पेशींची तालीम मंदावते, आणि मग गोवर, हगवण, न्यूमोनिया यांना दार उघडे मिळते. वरून आपल्याला दिसते ते काटकुळे हातपाय. छातीच्या हाडामागे काय सुकले ते दिसत नाही. मूल नीट खाऊपिऊ लागले म्हणजे ही ग्रंथी पुष्कळ अंशी पुन्हा भरूनही येते. म्हणून अंगणवाडीतले वजन आणि शाळेतली खिचडी यांकडे हलकी कामे म्हणून पाहू नका. लसीचेही तसेच. आपल्या गावी आरोग्यसेविका टोचून जाते तेव्हा ती लस ओळखून लक्षात ठेवण्याच्या कामात या थायमसमधून निघालेल्या पेशींचा मोठा वाटा असतो.

दुसरी गोष्ट शिक्षकांसाठी. मोठेपणी थायमस निरुपयोगी, हे मत मिलरनंतरही टिकून होते. हृदयाच्या शस्त्रक्रियेत वाटेत येते म्हणून ती पुष्कळदा काढून टाकतात. २०२३ साली बॉस्टनमधील डॉक्टरांनी अशा प्रौढ रोग्यांची तुलना थायमस शाबूत असलेल्या रोग्यांशी केली. पाच वर्षांत थायमस काढलेल्यांपैकी शेकडा ८.१ वारले होते, दुसऱ्या गटातले शेकडा २.८. एवढ्यावरून अखेरचा निकाल देता येणार नाही, हे खरे. पण ‘निरुपयोगी’ हा शब्द पुन्हा एकदा घाईने वापरला गेला होता, एवढे तरी उघड झाले.

म्हणून वर्गात ही कथा सांगाल तेव्हा नावे आणि सनावळी मुलांच्या डोक्यात राहिली नाहीत तरी चालेल. एकच प्रश्न त्यांना विचारायला शिकवा: मोठे म्हणता, पण कशाहून मोठे? हा प्रश्न १८८९ साली व्हिएन्नात कुणी नेटाने लावून धरला असता, तर कितीतरी तान्ह्या गळ्यांवर ते किरण पडलेच नसते.